दोन गाळे उघडे ठेवले

मी नगरपरिषदेचा पाणीपुरवठा अभियंता. पहाटे सव्वाचारला पंपचालकाचा फोन आला. "साहेब, मोटार जयी गयी."

गिरणा धरणातून सोडलेलं पिण्याच्या पाण्याचं आवर्तन त्याच रात्री आमच्या बंधाऱ्यात पोहोचलं होतं. धरण नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यात. तिथून निघालेलं पाणी जामदा बंधारा ओलांडून कोरड्या वाळूतून खाली सरकतं, तेव्हा निम्मं लक्ष त्याच्या वेगाकडे आणि निम्मं काठावरच्या शेतीपंपांकडे असतं. त्यांची वीज त्या दिवसांत बंद ठेवावी लागते. एप्रिल संपत आला होता, शहराला आठव्या दिवशी पाणी मिळत होतं, टाक्यांनी तळ गाठलेला. जॅकवेलमध्ये, म्हणजे जिथून पाणी उपसतो त्या विहिरीत, पाणी आलं आणि ७५ अश्वशक्तीची मोटार जळाली. राखीव मोटार वाइंडिंगसाठी जळगावला पडलेली. दुरुस्त होऊन यायला चार दिवस.

खालच्या अंगाला शेजारची नगरपरिषद. तिथले पाणीपुरवठा अभियंता माझ्यापेक्षा वयाने मोठे, मी त्यांना दादा म्हणतो. त्यांच्याकडे एक मोटार शिल्लक असल्याचं मला ठाऊक होतं, पण मागायची जीभ होईना. त्यांच्याकडे तर पाणी अजून पोहोचलंच नव्हतं. तरीही फोन लावला.

दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मोटार घेऊन जा. पण तुमच्या बंधाऱ्याच्या सगळ्या फळ्या टाकू नका. दोन गाळे उघडे ठेवा, नाहीतर माझं गाव तुमच्या सांडव्याची वाट बघत बसेल."

गाळे म्हणजे बंधाऱ्याच्या खांबांमधल्या मोकळ्या जागा; त्यांत फळ्या टाकल्या की पाणी अडतं. मागणी रास्त होती. आजवर प्रत्येक गाव आधी आपला बंधारा काठोकाठ भरून घेत आलं, खालच्यांनी उरलेल्यावर भागवायचं, हीच रीत. मुख्याधिकाऱ्यांनी फोनवरच होकार दिला. हातपावती लिहिली, छोटा हत्ती पाठवला. पाटबंधारेच्या शाखा अभियंत्यांनाही गाळ्यांचं कळवलं.

नऊच्या सुमारास बंधाऱ्यावर पंचवीस-तीस माणसं जमली. आमच्या वाट्याचं पाणी खाली का सोडता, असा सवाल होता. मी पाणी आरक्षणाचा, म्हणजे धरणातलं कोणाला किती ठरलंय याचा, हिशेब सांगू लागलो, पण घरात घागर रिकामी असताना हिशेब कोण ऐकणार? पंपावर वीस वर्षं काढलेले आमचे पंपचालक पुढे झाले. "पानी समदासनं शे, भाऊ. मोटार त्यासनी दिधी, मंग आपन काय दिधं?" गर्दी लगेच पांगली नाही, पण फळ्यांना कोणी हात लावला नाही.

मोटार आली, आणि खरी अडचण तिथेच निघाली. अश्वशक्ती तीच, पण फ्रेम वेगळी. फाउंडेशनच्या बोल्टशी एकही भोक जुळेना, शाफ्टची जाडी आमच्या कपलिंगला बसेना. चेनपुलीला मोटार टांगून ठेवली, लोखंडी पाटाला नवी भोकं पाडली, कपलिंग लेथवर नेऊन आतून वाढवून आणलं. दुपारची रणरण, शेडमध्ये उभं राहवत नव्हतं. रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी पंप चालू झाला. टाकीत पाण्याचा आवाज ऐकू आला तेव्हा मी पायरीवर बसून घेतलं. दिवसभर जेवलो नव्हतो, हे तेव्हा आठवलं.

तिसऱ्या दिवशी दादांचा फोन आला, पाणी त्यांच्या बंधाऱ्याला लागलं होतं. आम्ही उरलेले दोन गाळे बंद केले.

पण हातपावतीवर दरवर्षी कारभार चालत नसतो. उद्या दादांची बदली होईल, माझी होईल. म्हणून पावसाळ्यात दोन्ही नगरपरिषदांच्या सर्वसाधारण सभेत ठराव घेतले. राखीव मोटार एकच, निम्म्या-निम्म्या खर्चाने. यापुढे दोघांची फ्रेम आणि कपलिंग एकाच मापाचं. आवर्तनात दोन गाळे किती तास उघडे ठेवायचे, तेही लिहून घेतलं. १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर पाणी आरक्षणाची बैठक झाली, त्या वेळी आम्ही दोघे एकाच टेबलाशी बसून मागणी मांडत होतो.

ती मोटार आज दादांच्या शेडमध्ये आहे. शेडची एक किल्ली माझ्या टेबलाच्या खणात असते.