साहेबांचा फोटो कुठाय?

२०१७ च्या महापालिका निवडणुकीत एका उमेदवाराची वेबसाइट मी केली होती. प्रचार कार्यालय म्हणजे भाऊंच्या मेहुण्याचं टायरचं दुकान. रबराच्या वासात लॅपटॉप उघडून पहिलं पान दाखवलं. भाऊंचा एक फोटो आणि खाली ठळक बटण, 'तुमच्या गल्लीतली अडचण सांगा'.

भाऊ म्हणाले, "छान आहे ताई. पण साहेबांचा फोटो कुठाय?"

साहेब घातले. मग मोठे साहेब, शहराध्यक्ष, प्रभागातले बाकीचे तीन उमेदवार. रात्री दहापर्यंत वरच्या पट्टीत अकरा चेहरे बसले. फ्लेक्सच झाला, बांबू तेवढे नव्हते. मोबाइलवर माझं बटण गाठायला दोनदा अंगठा सरकवावा लागे. निकालापर्यंत अडचणी आल्या सहा. त्यातल्या दोन मीच तपासायला टाकलेल्या.

तेव्हा मला ओबामांचं पान सारखं आठवत होतं. डिसेंबर २००७ मध्ये त्यांच्या प्रचारात गूगलमधल्या डॅन सिरोकरने एक प्रयोग केला. चार बटणं, तीन फोटो, तीन व्हिडिओ, म्हणजे चोवीस जोड्या. साइटवर आलेल्या ३ लाख १० हजारांहून जास्त लोकांना त्या आलटून पालटून दाखवल्या. कचेरीतल्या लोकांची पसंती एका व्हिडिओला होती. पण तिन्ही व्हिडिओ फोटोंच्या मागे पडले. जिंकला बायको-मुलींसोबतचा साधा कृष्णधवल फोटो आणि आधीच्या 'नाव नोंदवा'ऐवजी 'अधिक जाणून घ्या' हे बटण. आधी शंभरात ८.२६ लोक ईमेल पत्ता देत होते, ते ११.६ झाले. यातून प्रचाराला जवळपास ६ कोटी डॉलर जास्त मिळाले, असा सिरोकरचा हिशेब. तो त्याचाच, तेव्हा थोडा जपूनच घ्यावा. पण बटणावर 'नाव नोंदवा' म्हटलं की माणूस बिचकतो, हे मला पटतं. दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात, आधार कार्ड नाही.

अर्थात हीच विद्या उलटीही चालते. २०२० मध्ये ट्रम्प यांच्या देणगीच्या पानावर एका चौकोनात बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली असे. ती काढायचं राहिलं की देणगी आपोआप पुन्हा कापली जाई, आणि सप्टेंबरपासून तर दर आठवड्याला. पुढे परतावे मागणाऱ्यांची रीघ लागली. आमच्या धंद्यात याला 'डार्क पॅटर्न' म्हणतात. मी सरळ खिसा कापणं म्हणते.

भाऊ पडले. वेबसाइटमुळे नाही, ती पाहिली कोणी! परवा सहा वर्षांनी त्यांचा फोन आला. मला वाटलं, नवीन साइट.

"ताई, ती जुनी साइट अजून दिसते का हो? वरचे ते फोटो आधी काढा. त्यातले चौघे आता तिकडे गेलेत."