पाचवी ओळ

वैशाखातली सकाळ. बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची जत्रा भरलेली, अमळनेरात पाय ठेवायला जागा नाही आणि आमच्या लॅबमधला पंखा नऊ वाजताच गरम हवा फेकत होता. आप्पा मुलाचा खांदा धरून आले. साठी ओलांडलेली, गळ्यात तुळशीची माळ, एका पायात चप्पल. दुसरी कुठे म्हणून विचारलं तर मुलगा शोधायला रस्त्याकडे पळाला. आप्पा म्हणाले, "चप्पल पायमाईन कवय निंघी जास, समजसच नई."

मी हसलो. खरं तर तिथेच कान टवकारायला हवे होते.

रक्त दिल्यावर तोंडावर पाणी मारायला ते बेसिनपाशी गेले. ओंजळ भरली, डोळे मिटले आणि ओंडका कलंडावा तसे पुढे गेले. कपाळ नळावर आपटायच्या आत मी धरलं. सुई बघून काहींना भोवळ येते, त्यातलाच प्रकार समजून बाकड्यावर निजवलं, पाय वर केले. नाडी मात्र ठणठणीत. "चक्कर नई भाऊ," ते म्हणाले, "डोया मिटात का पायखालनी भुईच जास." घरी ते हल्ली बसूनच तोंड धुतात, असं मुलाने सांगितलं. वय झालं, असं सगळ्यांनी धरलेलं.

चिठ्ठीवर फक्त हिमोग्लोबिन होतं. चार महिन्यांपूर्वी आमच्याकडेच ६.८ निघालं होतं. मग रक्तवाढीच्या गोळ्या सुरू झाल्या, लोह आणि फोलिक ॲसिडच्या. आज ८.९. मुलगा खूश. एरवी मीही सही करून मोकळा झालो असतो, पण बेसिनपाशी जे बघितलं ते डोक्यातून जाईना. जुना रिपोर्ट काढला. पाचव्या ओळीत एमसीव्ही ११९. म्हणजे लाल पेशीचा आकार. तो ८० ते १०० हवा. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, इथे तर त्या फुगलेल्या. आकडा माझ्याच प्रिंटरने छापलेला, खाली सही माझीच, आणि त्या दिवशी मी स्लाइडसुद्धा केली नव्हती.

आता केली. भिंगाखाली लाल पेशी मोठ्या, लांबट, अंड्यासारख्या. एका जातीच्या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाला एरवी तीन-चार पाकळ्या असतात. इथे मोजल्या तर सहा. पुढच्या पेशीत सात. मी डॉक्टरांना फोन लावला.

त्यांनी आप्पांच्या घोट्यावर कंप पावणारा ट्युनिंग फोर्क टेकवला. आप्पांना लोखंडाचा गारवा कळला, थरथर नाही. पायांची जाणीव मंदावलेली, तोल डोळ्यांच्या भरवशावर; ते मिटले की भुई जायची. बी १२ या जीवनसत्त्वाच्या तपासणीसाठी नमुना जळगावला पाठवला, आकडा ९४ आला. २०० च्या वर हवा.

गोची अशी, की फोलिक ॲसिड रक्ताची कमतरता थोडीफार भरून काढतं, पण बी १२ शिवाय मज्जारज्जूची आणि नसांची झीज चालूच राहते. हिमोग्लोबिन वर आणि पाय खाली, असं चार महिने चाललं होतं. गंमत म्हणजे या फोलिक ॲसिडचा माग आपल्या मुंबईतच लागला. १९२८ नंतर ल्युसी विल्स या डॉक्टरबाईंनी इथल्या गरोदर बायकांची अशीच रक्तक्षीणता यीस्टच्या अर्काने बरी केली होती.

मुलाला पटेना. घरात कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, मेथी, शेंगदाणे. कमी काय आहे? या ताटात बी गटातली बाकीची जीवनसत्त्वं भरपूर, बी १२ तेवढं नाही. ते जीवाणू बनवतात आणि आपल्याला मिळतं दूध, अंडी, मांस-मासे यांतून. आप्पांची माळ वीस वर्षांपूर्वीची, पण म्हैस विकली सहा वर्षांपूर्वी. तेव्हापासून कोरा चहा. वर मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, तीही बी १२ चं शोषण कमी करते. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून ही उधारी इतकी उशिरा उघड झाली.

पहिल्या इंजेक्शनला मी मुद्दाम गेलो. लालभडक औषध बघून आप्पांनी हात मागे घेतला. "हाई लाल काबर शे? रगत ते नही ना?" डॉक्टरांनी सांगितलं, लाली कोबाल्ट नावाच्या धातूची, आणि औषध तयार होतं जीवाणूंकडून, दही लागतं तसंच म्हणा. आप्पांनी माळेला हात लावला, थोडा विचार केला आणि बाही वर केली.

सातव्या दिवशी नवी स्लाइड रंगवली. निळ्या जाळीच्या कोवळ्या लाल पेशी शेकड्याला बारा! आधी एखादी दिसायची. मी पुन्हा मोजल्या, गरज नसताना.

गेल्या महिन्यात आप्पा आले. हिमोग्लोबिन १३.१, एमसीव्ही ९१. आता मी आधी पाचवी ओळच बघतो. पायांची बधिरता सगळी गेलेली नाही, कदाचित जाणारही नाही. चपलेला मागून पट्टा लावून घेतलाय. जाताना बेसिनपाशी थांबले, एका हाताने कड धरली आणि दुसऱ्या हाताने तोंडावर पाणी मारलं. मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो.