तुम्ही विचारलंत म्हणून: पुढे काय होणार ते यंत्राला कळतं का?

मी समाजाची मॉडेलं बनवते, म्हणजे माणसं एकमेकांकडे बघून कशी वागतात ते कॉम्प्युटरवर घडवून बघते, असं सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि मग हमखास विचारतो, "म्हणजे पुढे काय होणार ते कॉम्प्युटरला आधीच कळतं?" प्रवासात विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. एकदा तर ऑपरेशनच्या टेबलावर भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं. मी उत्तर द्यायला सुरुवातही केली होती, पण दुसऱ्या वाक्याला मला झोप लागली. ते अर्धवट राहिलेलं उत्तर आज पुरं करते.

नाही, कळत नाही. पण का कळत नाही, हे समजून घेण्यातच या कामाची खरी गंमत आहे.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं 1978 साली एक साधं उदाहरण मांडलं. चौकात 100 माणसं जमली आहेत, वातावरण तापलंय. प्रत्येकाचा एक उंबरठा आहे: इतके जण दगड मारू लागले की मीही मारीन. पहिल्याचा उंबरठा शून्य, म्हणजे त्याला कुणाचीच सोबत लागत नाही. दुसऱ्याला एक जण पुढे लागतो, तिसऱ्याला दोन, असं करत शेवटच्याला 99. पहिल्यानं दगड उचलला की दुसरा उचलतो, मग तिसरा, आणि बघता बघता सगळा चौक पेटतो. आता यातला फक्त एक माणूस बदला. ज्याला एकाची सोबत पुरत होती, त्याला दोघांची लागते असं धरा. पहिला दगड मारतो, मागे वळून बघतो, तर कुणीच नाही. संपलं.

दुसऱ्या दिवशी बातमी काय येईल? पहिल्या चौकात "जनतेचा उद्रेक", दुसऱ्या चौकात "माथेफिरूची दगडफेक". दोन्हींवर अग्रलेखही येतील आणि दोन्ही पटतील. दोन्ही चौकांतला फरक मात्र एका माणसाच्या एका आकड्याचा आहे. त्या 100 जणांचं वय, शिक्षण, उत्पन्न, रोजचं बोलणं सगळं यंत्राला दिलं, तरी त्याला हे दोन जमाव सारखेच दिसणार.

कुणी म्हणेल, ही कागदावरची गोष्ट झाली. मॅथ्यू साल्गनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी 2006 साली छापलेला प्रयोग मात्र खऱ्या माणसांवरचा होता. 14 हजारांहून जास्त लोक, 48 अनोळखी गाणी. आवडलं ते गाणं ऐकायचं, हवं तर उतरवून घ्यायचं. युक्ती अशी की लोकांना न सांगता आठ वेगळ्या जगांत वाटलं होतं, आणि कुठलं गाणं कितींनी घेतलं हा आकडा प्रत्येकाला फक्त आपल्या जगातला दिसायचा. शिवाय आकडा अजिबात न दिसणारा एक गट तुलनेला ठेवला होता. सगळी जगं सारख्याच स्थितीतून निघाली, तरी कुठे एक गाणं डोक्यावर घेतलं गेलं, तर दुसरीकडे तेच कोपऱ्यात पडलं. अगदी चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं.

आपण त्या आठांपैकी एकाच जगात राहतो. जे गाजलं ते गाजणारच होतं, असं आपल्याला वाटतं, कारण उरलेली सात आपण बघितलेलीच नसतात. यंत्राचा उपयोग मला दिसतो तो इथे: खरा समाज एकदाच घडतो, मॉडेलमध्ये तो हजार वेळा घडवता येतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, फजितीतून कळलं. पुराचा इशारा मिळाल्यावर लोक घर कधी सोडतात, याचं मॉडेल मी केलं होतं. हजार फेऱ्या चालवल्या, सरासरी काढली आणि बैठकीत एकच सुबक रेघ दाखवली: अमुक तासांत निम्मे लोक बाहेर. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागे बसलेल्या एका सहकाऱ्यानं विचारलं, "ताई, हजारांतली कुठली फेरी या रेघेसारखी गेली?" मी परत जाऊन बघितलं. एकही नाही. काही फेऱ्यांत अख्खी वस्ती भराभर निघून गेली होती, काहींत कुणी हललंच नव्हतं. मी दाखवलेली रेघ या दोन्हींच्या मधली होती आणि तसं कधीच घडलं नव्हतं. त्या रेघेवर कुणी बसगाड्या ठरवल्या असत्या तर, हा विचार अजूनही नकोसा वाटतो.

"पण आता डेटा किती आहे!" हाही ठरलेला प्रतिप्रश्न. त्याला 2020 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास उत्तर देतो. अमेरिकेतल्या चार हजारांहून जास्त कुटुंबांची माहिती मुलांच्या जन्मापासून गोळा केलेली होती. 160 गटांनी ती वापरून, मूल 15 वर्षांचं होईल तेव्हा त्याचे गुण किती असतील, कुटुंबाला घर सोडावं लागेल का, अशा सहा गोष्टींचा अंदाज बांधला. सर्वांत चांगलं मॉडेलही, चारच बाबी वापरणाऱ्या साध्या गणितापेक्षा जेमतेमच सरस ठरलं. त्या निकालाचं मला फारसं आश्चर्य वाटलं नाही, हायसं मात्र वाटलं.

मग कॉग्निटिव्ह कॉम्प्युटिंग, म्हणजे माणसासारखी भाषा वाचून अर्थ लावू बघणारी यंत्रं, कशाला हवं? हे नाव गाजवलं आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीनं. त्यांच्या वॉटसन या यंत्रानं 2011 साली 'जेपर्डी' या प्रश्नमंजूषेत दोन महारथींना हरवलं. त्याच वॉटसननं "अमेरिकेतली शहरं" या सदरात कॅनडातलं टोरांटो असं उत्तर दिलं होतं! पण उत्तरापुढे त्यानं प्रश्नचिन्हांची रांग लावली होती, कारण स्वतःच्या उत्तरावर त्याचा भरवसा नव्हता. माझ्या त्या रेघेपुढे एकही प्रश्नचिन्ह नव्हतं.

मला या यंत्रांची गरज लागते ती वाचायला. पूर्वी मॉडेलमधले उंबरठे आम्ही मनानेच घालायचो. आता लोकांनी आपल्या शब्दांत दिलेली हजारो उत्तरं यंत्र वाचतं आणि वेगळी काढून देतं. "शेजारचे निघाले की आम्ही निघू." "म्हशींचं काय करायचं ते आधी सांगा." "मागच्या वेळी उगाच गेलो." यातून उंबरठ्यांचा निदान अदमास येतो. यंत्र चुकीचंही वाचतं, टोमणा तर त्याला हमखास कळत नाही, म्हणून मूठभर उत्तरं मी स्वतः वाचतेच.

भाषा बोलणारी यंत्रंच माणसांच्या जागी बसवायची, हा नवा प्रकारही मी करून पाहिला. 2023 साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी असं 25 पात्रांचं छोटं गाव वसवलं होतं. एका पात्राच्या मनात पार्टी द्यायची कल्पना घातली, तर निमंत्रणं पसरली आणि काही पात्रं वेळेवर हजरही झाली. बघायला फार गोड. माझ्या पुराच्या वस्तीत मात्र अशी पात्रं फारच समंजस निघाली. इशारा ऐकला, आभार मानले, निघाली. "मी नाही जाणार जा," म्हणून खाट न सोडणारी आजी त्यांच्यात आपोआप तयार झाली नाही. तिला मला हातानं घालावं लागलं.

हल्ली सरासरी मी सर्वांत शेवटी काढते. ज्या थोड्या फेऱ्यांत वस्ती हललीच नाही, त्या आधी उघडते आणि सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं एकेक घर बघत जाते. बहुतेकदा तिथे, लवकर निघणाऱ्यांपैकीच कुणीतरी दार लावून आत थांबलेलं असतं.