पेम्बा बेटावरचे कासवाचे मांस

टांझानियाच्या झांझिबार द्वीपसमूहात पेम्बा नावाचे लवंगांचे बेट आहे आणि त्याच्या दक्षिणेला, मकोआनी जिल्ह्यात, पांझा नावाचे एक छोटे बेट आहे. ५ मार्च २०२४ रोजी, मंगळवारी, पांझा बेटावरच्या लोकांनी समुद्री कासवाचे मांस शिजवून खाल्ले. तो आठवडा संपेपर्यंत आठ मुले आणि एक स्त्री दगावली होती आणि ७८ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले होते. दगावलेली स्त्री ही आधीच मृत्यू पावलेल्या मुलांपैकी एकाची आई होती. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्येही पेम्बातच कासवाच्या मांसामुळे सात जणांचा मृत्यू झाला होता आणि त्यात एक तीन वर्षांचे मूल होते.

मी उंगुजा या मुख्य बेटावरील एका शाळेत गणित शिकवते. तिकडे भारतात ही बातमी वाचणाऱ्यांनी मला विचारले, की एकदा माणसे मेल्यावरही तेथील लोक पुन्हा तेच कसे खातात. प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्यामागे ‘अडाणी लोक’ असा जो सूर असतो, तो मला मान्य नाही. ज्या घरांत हे मांस शिजते तसल्या एका घरात मी जेवायला बसलेली आहे.

२०२३ मध्ये शाळेला सुट्टी लागली असताना माझी एक सहकारी शिक्षिका मला पेम्बाला तिच्या माहेरी घेऊन गेली. अंगणात चटयांवर लवंगा वाळत घातलेल्या होत्या आणि त्यांचा वास कपड्यांना चिकटून राहत होता. तिच्या आजीला सगळे ‘बीबी’ म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागले. मी वाकून ‘शिकामू’ म्हटले, त्यांनी ‘मरहबा’ म्हणून माझा हात दोन्ही हातांत धरला आणि लगेच जेवायला बसवले. नारळाच्या दुधात शिजवलेला भात आणि त्याच्या शेजारी नारळाच्या घट्ट रश्श्यात गर्द रंगाच्या फोडी. दिसायला त्या मटणासारख्या होत्या, मात्र त्यांच्या कडेची चरबी किंचित हिरवट होती. सहकारी हळूच म्हणाली, ‘कासा.’ स्वाहिली भाषेत समुद्री कासवाला ‘कासा’ म्हणतात. तो शब्द मला समजावून सांगावा लागला नाही.

सहकारी शिक्षिकेच्या भावाच्या जाळ्यात ते कासव सापडले होते. एवढा मोठा प्राणी एका घराला संपणारा नसतो आणि शीतकपाट कोणाकडेच नसते, त्यामुळे सकाळपासून आळीतल्या दहाबारा घरी वाटे गेले होते. विधवेच्या घरी एक, मशिदीच्या शेजारच्या म्हाताऱ्याकडे एक, बाळंतिणीकडे एक मऊ तुकड्यांचा. आपल्याकडे कोकणात मोठा मासा लागला की शेजारी वाटा जातो, तसेच हे होते. एका कासवामुळे इतकी घरे एकाच वेळी का सापडतात, याचे उत्तर या वाटपात आहे. कंजूषपणे एकट्याने खाल्ले असते तर नुकसान कमी झाले असते, पण गरीब गावात तसे कोणी खात नाही.

मला २०२१ ची घटना ठाऊक होती. मी ‘आज माझा उपवास आहे’ असे सांगून तो रस्सा बाजूला ठेवला आणि कोरडा भात व केळी खाल्ली. कोणाला वाईट वाटले नाही, कारण उपवासाला तिथे मान आहे. त्या दिवशी त्या घरात कोणालाही काही झाले नाही. पुढे वर्षभर मी तो प्रसंग ‘मी कशी निसटले’ अशा रीतीने इतरांना सांगत राहिले.

या विषबाधेला वैद्यकात चेलोनिटॉक्सिझम म्हणतात. तिच्याविषयी मी जे काही वाचले, त्यातील सर्वांत भयंकर गोष्ट ही, की मांस पाहून, हुंगून किंवा चाखून काहीच कळत नाही. मांस शिळे नसते, नासलेले नसते. ज्या कासवाचे ते असते, ते कासव धडधाकट पोहत असते. हे विष कासवाच्या आहारातून, समुद्रातील काही विषारी शेवाळांतून व सायनोबॅक्टेरिया नावाच्या सूक्ष्मजीवांतून येत असावे, असा शास्त्रज्ञांचा दाट संशय आहे. मादागास्करमधील एका विषबाधेनंतर तपासलेल्या मांसात लिंगबायाटॉक्सिन हे सायनोबॅक्टेरियांपासून तयार होणारे विष आढळले होते. म्हणजे कासव विषारी आहे की नाही, हे ते कोठे आणि काय चरले यावर ठरते. त्यामुळेच एकाच जातीची शंभर कासवे खाऊनही काही होत नाही आणि एकशेएकावे कासव घर उजाड करते. ‘आमचे वाडवडील खात आले’ हे वाक्य खोटे नसते. ते पुढच्या कासवाविषयी काही सांगत नाही, एवढेच.

दुसरी गोष्ट शिजवण्याची. आपल्या सगळ्यांच्या मनात उकळी म्हणजे शुद्धी हे समीकरण पक्के बसलेले असते. जंतूंच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे, पण हे विष जंतू नव्हे. कितीही वेळ शिजवा, तळा, भाजा, ते नष्ट होत नाही. खाल्ल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनी तोंड व घसा जळू लागतो, मळमळ आणि उलट्या होतात, पोटात दुखते, जिभेवर व तोंडात व्रण येतात, गिळणे अवघड होते. पुढे गुंगी येते आणि काही रुग्ण बेशुद्धावस्थेतच दगावतात. यावर उतारा नाही. डॉक्टर फक्त शरीराला आधार देऊ शकतात आणि पेम्बातल्या एखाद्या लहान बेटावरून रुग्णालयापर्यंत पोहोचण्यासाठी आधी होडी मिळावी लागते.

लक्षणांना लागणारा हा उशीरच लोकांच्या सगळ्या जुन्या परीक्षा निरुपयोगी ठरवतो. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर काही मच्छीमार कासव कापल्यावर त्याचे काळीज आधी कावळ्यांना टाकत आणि कावळ्यांनी तोंड लावले नाही तर मांस फेकून देत, अशी नोंद आहे. हे वाचून मी थांबलेच. दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहणारी माणसे आपण, त्यामुळे त्या मच्छीमारांची ती नजर मला परकी वाटली नाही. पण जे विष माणसात दुसऱ्या दिवशी किंवा चौथ्या दिवशी बोलते, ते कावळ्याने दोन मिनिटांत ओळखावे, ही अपेक्षा फार मोठी आहे.

मुले सर्वाधिक का दगावतात, याचे एक कारण त्यांचे लहान शरीर हे आहे. दुसरे कारण अधिक जिव्हारी लागणारे आहे. हे विष आईच्या दुधातून बाळात उतरते. आई स्वतः वाचली आणि तिचे अंगावर पिणारे बाळ गेले, अशा घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. बाळंतिणीकडे गेलेला तो मऊ तुकड्यांचा वाटा हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. कासवाच्या मांसात पारा, कॅडमियम यांसारखे जड धातू साठतात आणि साल्मोनेलासारखे जंतूही आढळतात, ते वेगळेच.

नीतीचा प्रश्न मला विषाइतकाच महत्त्वाचा वाटतो, परंतु तो मांडताना स्वतःच्या घरापासून सुरुवात करणे भाग आहे. माझे माहेर मंडणगड तालुक्यातले. आमच्याकडे देवळात शिरताना आधी कासवाला हात लावून नमस्कार करायचा आणि कूर्मावताराची कथा ऐकायची, हे होतेच. त्याच लहानपणी कासवाची अंडी टोपलीतून घरी आलेली मला आठवतात. पिंगपाँगच्या चेंडूसारखी पांढरी, गोल, बोटाने दाबली तर खळगा पडणारी. ती खाणाऱ्या कोणालाही आपण काही अधर्म करत आहोत असे वाटत नव्हते. आमच्याच तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले आणि हळूहळू तेच गावकरी घरटी राखू लागले. आता लोक पहाटे उठून पिल्ले समुद्राकडे जाताना पाहतात आणि पाहुण्यांमुळे गावातल्या घरांना चार पैसे मिळतात. तेव्हा पेम्बाकडे मी वरून पाहू शकत नाही. आम्हाला कोणीतरी वीस वर्षे आधी येऊन सांगितले, एवढाच काय तो फरक.

कासव खाण्यात चूक काय, मासे खाता तर कासव का नाही, असे मला येथे अनेकदा विचारले गेले आहे. मी स्वतः मासे खाणारी आहे, त्यामुळे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे लागते. बांगडा एकदोन वर्षांत प्रजननक्षम होतो. हिरव्या समुद्री कासवाला त्यासाठी साधारणपणे दोन-तीन दशके लागतात आणि हजारातून एखादेच पिल्लू त्या वयापर्यंत पोहोचते, असा अंदाज सांगितला जातो. त्यातही मारायला सर्वांत सोपी असते ती अंडी घालायला वाळूवर आलेली मादी. शंभर किलोंहून जड ती मादी जमिनीवर पळू शकत नाही आणि तिला उलटी केली की तिचे सगळे संपते. उलटे कासव लगेच मरत नाही. शिडाच्या जहाजांवर युरोपीय खलाशी ताज्या मांसाचा साठा म्हणून कासवे अशीच आठवडेच्या आठवडे जिवंत ठेवत. लंडनच्या मेजवान्यांत कासवाचे सूप प्रतिष्ठेचे मानले जात होते आणि त्या भुकेने कितीतरी किनारे रिकामे केले. पेम्बातल्या एका जाळ्याचा हिशोब मांडताना हा मोठा हिशोब झाकून ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत हिरवे समुद्री कासव ‘संकटग्रस्त’ गटातून बाहेर आले आणि सर्वांत कमी चिंतेच्या गटात गेले. त्यानंतर ‘आता खायला हरकत नाही ना’ असा प्रश्न मला एका ओळखीच्या व्यक्तीने विचारला. ही वाढ झाली, कारण अनेक दशके अंडी राखली गेली, शिकार थांबवली गेली आणि जाळ्यांत बदल केले गेले. जे न खाल्ल्यामुळे वाचले, ते वाचले म्हणून खावे, हा तर्क मला पटत नाही. शिवाय ती नोंद साऱ्या जगाची आहे, एकेका किनाऱ्याची नव्हे. येथे ज्याला ‘न्गाम्बा’ म्हणतात, ते हॉक्सबिल कासव आजही अतिसंकटग्रस्त आहे आणि विषबाधेच्या नोंदींत त्याचे नाव वारंवार येते.

भारतात समुद्री कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि झांझिबारमध्येही कासव मारण्याखाण्यास मनाई आहे. पण ज्याचे जाळे फाटले आणि दिवसभराची मासळी गेली, त्याला केवळ मनाई सांगणे पुरेसे नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या योजनेत संरक्षित सागरी प्राणी सोडण्यासाठी जाळे कापावे लागल्यास मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. टांझानियातील माफिया बेटावर सी सेन्स ही संस्था घरटे दाखवणाऱ्या गावकऱ्यांना मोबदला देत आली आहे. कासव वाचवण्याचा खर्च ज्याच्या ताटातून जातो, त्याला तो भरून दिला पाहिजे, हे माझे ठाम मत आहे.

पांझाच्या बातमीनंतर एप्रिलमध्ये, ईदच्या सुट्टीत, मी पुन्हा त्या घरी गेले. या वेळी ताटात चांगू मासा होता. जेवणे झाल्यावर मी विषय काढला. बीबींनी विचारले, ‘मग किती वेळ शिजवायचे?’ मी म्हटले, कितीही शिजवले तरी ते जात नाही. त्यांनी विचारले, ‘आणि मीठ लावून वाळवले तर?’ मी म्हटले, नाही. मग मी दुधाची गोष्ट सांगितली. दाराशी त्यांची नातसून बाळाला अंगावर पाजत बसली होती. तिने कांग्याचा, म्हणजे अंगावर गुंडाळलेल्या सुती वस्त्राचा, पदर बाळावर ओढून घेतला आणि ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

बीबी बराच वेळ गप्प होत्या. मग त्या म्हणाल्या, ‘मुली, त्या दिवशी तू उपवास आहे म्हणालीस. हे तुला तेव्हा ठाऊक होते का?’