‘टॉक’, ‘से’, ‘टेल’ आणि आपले बोलणे

‘मी त्याला बोललो की उद्या ये’ असे वाक्य पुण्यातल्या एखाद्या जुन्या वळणाच्या घरात कोणी उच्चारले, तर निरोप पोहोचला की नाही हे विचारण्याआधी ‘बोललो नव्हे, म्हणालो’ अशी दुरुस्ती होते. मुंबईकडे हा प्रयोग सर्रास चालतो आणि आता आमच्या पेठांतही तो स्थिरावला आहे, तरी माझ्या पिढीच्या कानाला तो खटकतोच. त्याचे एक कारण असे की ‘सासूबाई मला बोलल्या’ याचा आमच्याकडचा सरळ अर्थ ‘सासूबाई मला रागावल्या’ असा होतो.

हा विषय निघाला तो आमच्या शेजारच्या मुलीमुळे. ती हिंजवडीच्या एका कंपनीत नुकतीच नोकरीला लागली आहे आणि दिवसभर तिला इंग्रजीत पत्रव्यवहार करावा लागतो. ‘काका, टॉक, स्पीक, से आणि टेल, चारही शब्दांचा अर्थ बोलणे हाच ना? मग कुठे कोणता वापरायचा?’ असे विचारत तिने ‘आय टॉक्ड हिम दॅट द रिपोर्ट इज रेडी’ हे आपले वाक्य मला दाखवले. मी तिला म्हटले, ‘मी त्याला बोललो की अहवाल तयार आहे, असे तू तुझ्या आजीसमोर म्हणून बघ.’ ती हसली, कारण आजी काय म्हणेल हे तिला पाठ होते.

माझे म्हणणे एवढेच आहे की या चारांपैकी तीन शब्दांमधला भेद मराठी माणसाला नव्याने शिकावा लागत नाही. ‘टॉक’ म्हणजे बोलणे, ‘से’ म्हणजे म्हणणे आणि ‘टेल’ म्हणजे सांगणे. बोलणे ही क्रिया आहे. ती कोणाशी झाली आणि कशाबद्दल झाली हे महत्त्वाचे, प्रत्यक्ष शब्द कोणते होते हे तिच्यात येत नाही. म्हणूनच प्रमाण मराठीत ‘बोललो की’ चालत नाही आणि इंग्रजीत ‘टॉक्ड दॅट’ चालत नाही. शब्द जसेच्या तसे द्यायचे असतील तर ‘म्हणाला’ आणि ‘सेड’. समोरच्याला माहिती किंवा आज्ञा द्यायची असेल तर ‘सांगितले’ आणि ‘टोल्ड’. मराठीत ‘त्याच्याशी बोललो’ म्हणताना जो ‘शी’ लागतो, त्याच जागी इंग्रजीत ‘टॉक’नंतर ‘टू’ किंवा ‘विथ’ येतो.

घोटाळा होतो तो विभक्तीमुळे. ‘मला म्हणाला’ आणि ‘मला सांगितले’ या दोन्ही ठिकाणी आपण ‘मला’च वापरतो, इंग्रजीत मात्र ‘टोल्ड मी’ बरोबर आणि ‘सेड मी’ चूक, तिथे ‘सेड टू मी’ असेच हवे. दुसरी अडचण खोटेपणाची आहे. आपण खोटे बोलतो, पण इंग्रज खोटे ‘सांगतो’, म्हणजे ‘टेल अ लाय’. खरे मात्र त्याला ‘टेल’ही करता येते आणि ‘स्पीक’ही. ‘डोन्ट स्पीक लाइज’ हे आपल्याकडे वारंवार ऐकू येणारे वाक्य थेट ‘खोटे बोलू नकोस’ यातून उतरलेले आहे.

‘टॉक’ आणि ‘टेल’ हे मुळात एकाच कुळातले शब्द आहेत. ‘टेल’ म्हणजे गोष्ट, हे नामही त्याच घरातले. ‘टॉक’मधला शेवटचा ‘क’ ही क्रिया पुन्हा पुन्हा होत असल्याचे दाखवणारा जुना प्रत्यय आहे. ‘हिअर’पासून ‘हार्क’ झाला तोही त्याच पद्धतीने. ‘टेल’चा एक जुना अर्थ ‘मोजणे’ असा होता, आणि जर्मन भाषेत आजही ‘त्सेलेन’ म्हणजे मोजणे व ‘एरत्सेलेन’ म्हणजे गोष्ट सांगणे. बँकेत नोटा मोजून देणाऱ्याला ‘टेलर’ म्हणतात ते यामुळेच. मी स्वतः काही वर्षे त्या खिडकीमागे बसलो आहे. पाटीवरचा ‘टेलर’ वाचून ‘इथे शिंपी कशाला?’ असे विचारणारे गिऱ्हाईक मला भेटले आहे, पण बँकेने त्याचा खुलासा कधी कुठे लावला नाही.

पुणेकराच्या तोंडी ‘टॉक’ रोज येतो, फक्त तो ओळखू येत नाही. चित्रपट बोलू लागले तेव्हा ‘मूव्ही’च्या धर्तीवर ‘टॉकी’ हा शब्द इंग्रजीत तयार झाला. आपल्याकडे १९३१ साली ‘आलम आरा’ आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट आले, १९३३ साली प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली, आणि बोलपटाचे नाव हळूहळू तो दाखवणाऱ्या इमारतीला चिकटले. पुण्यातल्या अलका चित्रपटगृहाजवळच्या चौकाचे अधिकृत नाव टिळक चौक असले तरी रिक्षावाल्याला आपण ‘अलका टॉकीज’च सांगतो.

अनेकवचनाची एक गंमतही नोंदवण्यासारखी आहे. वाटाघाटींना इंग्रजीत ‘टॉक्स’ म्हणतात आणि मराठीत ‘बोलणी’. लग्नाची असोत वा दोन देशांमधली, दोन्हीकडे ती अनेकवचनीच. आपण वडीलधाऱ्यांची बोलणी खातो, तर इंग्रजीत त्यालाच ‘टॉकिंग टू’ मिळते.

आता उरला ‘स्पीक’. इथे मराठीची मदत संपते, कारण आपल्याकडे दोघांनाही बोलणेच म्हणतात. ‘स्पीक’ अधिक औपचारिक आणि बरेचदा एकतर्फी असतो, तर ‘टॉक’मध्ये समोरच्याचे उत्तर गृहीत धरलेले असते. भाषा ‘स्पीक’ केली जाते, ‘टॉक’ नव्हे. सभेत ‘स्पीकर’ असतो. ‘टॉकर’ म्हणजे बडबड्या. इंग्लंडच्या संसदेत १३७७ साली टॉमस हंगरफर्ड यांच्यासाठी ‘स्पीकर’ ही उपाधी प्रथम वापरली गेली, कारण कॉमन्स सभेचे म्हणणे राजापुढे मांडणे हे त्या पदाचे काम होते. आपल्या लोकसभेत १९५२ साली हे पद पहिल्यांदा ग. वा. मावळंकर यांच्याकडे आले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेत वक्ते ‘व्याख्यान’ देत आले; हल्लीची तरुण मंडळी त्याच प्रकाराला ‘टॉक’ म्हणतात, आणि मला त्यात वावगे वाटत नाही, कारण शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी वेळ ठेवलेला असेल तर तो शब्द शोभतोच.

जाताना त्या मुलीने आणखी एक मसुदा दाखवला. साहेबांना तिने ‘आय नीड टू स्पीक टू यू’ असे लिहिले होते. व्याकरण निर्दोष होते, पण एवढे गंभीर वाक्य वाचून साहेबांच्या मनात पहिला विचार राजीनाम्याचा आला असता. तिला दिवाळीला जोडून चार दिवस रजा हवी होती, म्हणून आम्ही ते खोडून ‘कॅन वी टॉक फॉर फाइव्ह मिनिट्स?’ असे केले.