अर्धवट गुंडाळून अडलेला जिब: शिवसागरावर फर्लर दुरुस्त करताना

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात छोटी शिडाची बोट चालवायची, तर पुढचं शीड म्हणजे जिब काही सेकंदांत गुंडाळता आलंच पाहिजे. ते गुंडाळणारी यंत्रणा म्हणजे फर्लर. बामणोली-तापोळ्याच्या बाजूला कोयनेचं खोरं साधारण उत्तर-दक्षिण आहे. पश्चिमेचा वारा डोंगराची धार ओलांडून पाण्यावर उतरतो, त्यामुळे तो एकसारखा कधीच नसतो. डोंगराच्या आडोशाला शिडं लोंबतात आणि एखाद्या घळीसमोर आलं की एकदम झोत बसतो. नेमक्या त्या वेळी जिब अर्धा गुंडाळून अडला, तर उरलेलं कापड फडफडत नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याखाली ढकलत राहतं आणि बोट सुकाणूला दाद देत नाही.

आमच्या सोळा फुटी बोटीचा जिब असाच अडायला लागला. खालचा भाग घट्ट गुंडाळला जायचा, वरचा मात्र पिशवीसारखा उघडा राहायचा. दुरुस्तीला हात घालण्याआधी रचना समजून घ्यायला हवी. नाळेवर ड्रम असतो, त्यावर फर्लिंगचा दोर गुंडाळलेला असतो. जिबच्या पुढच्या कडेत वरपासून खालपर्यंत स्टीलची तार शिवलेली असते. तिचं खालचं टोक ड्रमला, वरचं टोक स्विव्हलला (दोन भागांची फिरती कडी) आणि स्विव्हल हॅलयार्डला (शीड वर चढवणारा दोर) जोडलेलं असतं. दोर ओढला की ड्रम फिरतो, तो पीळ तारेतून वर जातो, स्विव्हलचा खालचा अर्धा भाग फिरतो आणि शीड स्वतःभोवती गुंडाळलं जातं. डोलकाठी धरून ठेवणारा फोअरस्टे या सगळ्याच्या शेजारी, वेगळा असतो. मोठ्या बोटींत याच फोअरस्टेवर अ‍ॅल्युमिनियमची पोकळ पट्टी चढवलेली असते आणि शीड त्या पट्टीच्या खाचेत बसतं. दोन्ही प्रकारांतले बिघाड थोडे वेगळे असतात.

माझा पहिला नियम: अडलं की जोर लावायचा नाही, विंचवर (दोर आवळायच्या चाकावर) तर दोर मुळीच घ्यायचा नाही. अडकलेला हॅलयार्ड फोअरस्टेभोवती आवळला गेला आणि वरून जोर बसत राहिला, तर फोअरस्टेच्या तारा एकेक करून तुटतात. फोअरस्टे गेला की डोलकाठी मागे कोसळते. त्यापेक्षा ते कुठे आणि कसं अडतंय ते हाताला जाणवू द्यावं. दोर जागचा हललाच नाही, तर गुंता बहुधा ड्रममध्ये असतो. दोनतीन वेढे सहज फिरून एकदम टणक थांबलं, तर वर डोलकाठीच्या टोकाशी पाहावं. तिथे दुर्बीण फार उपयोगी पडते. खालचं गुंडाळलं आणि वरचं नाही, तर तारेला ताण कमी आहे. अडत नाही पण पहिल्यापासून जड जातं, तर कुठेतरी घर्षण आहे.

आमच्याकडे तिसरा प्रकार होता. तार ढिली असेल तर ड्रमचा पीळ वर पोचतच नाही. तार मधेच स्वतःभोवती वळत राहते. ढिलाईचं कारण हॅलयार्डच्या दोरात सापडलं. साधा नायलॉनचा दोर भाराखाली ताणतो आणि भिजला की आणखी ढिला पडतो. किनाऱ्यावर कितीही आवळून बांधला, तरी झोत बसला की जिबची कड वाऱ्याखाली झुकते आणि पुढे सगळं बिघडतं. म्हणून जिबच्या हॅलयार्डला कमी ताणणारा दोर हवा: डायनीमा किंवा आधीच ताणून घेतलेला पॉलिएस्टर. ताण देण्यासाठी डोलकाठीच्या पायथ्याशी कप्प्यांची चारपट जोर देणारी जोडणी केली. ताण पुरेसा झाल्याची खूण अशी, की जिबची तार सतारीच्या तारेसारखी कडक लागते आणि शेजारचा फोअरस्टे हाताला किंचित सैल लागतो. मात्र तो इतका सैल नको की शिडासोबत गुंडाळला जाईल. आमच्या बोटीचा मूळ दोष एवढ्यानेच गेला, पण सगळी यंत्रणा उघडलीच होती म्हणून बाकीचंही तपासलं.

वरचं स्विव्हल फिरत नसेल तर त्याच्या वरचा हॅलयार्डच पिळायला लागतो आणि फोअरस्टेभोवती वेढे घेतो. पट्टीवाल्या फर्लरमध्ये हाच प्रकार दुसऱ्या कारणाने होतो. हॅलयार्ड फोअरस्टेला जवळजवळ समांतर आला की तो स्विव्हलबरोबर फिरतो. दोघांमध्ये साधारण 8 ते 10 अंशांचा कोन राहायला हवा. कोन मिळत नसेल तर डोलकाठीवर हॅलयार्ड मागे दाबून धरणारी कडी बसवतात. शीड आखूड असेल तर शिडाच्या टोकाला दोराचा तुकडा जोडून स्विव्हल पट्टीच्या वरच्या टोकाजवळ नेतात. असा वेढा पाण्यावर पडलाच, तर आधी शीड उलट दिशेने पूर्ण उघडून वेढा सुटतो का पाहावं. आमच्यासारख्या तारेच्या जिबला हॅलयार्ड सोडून सगळंच खाली घेता येतं, पण वेढा पडला असेल तर तेही उतरत नाही. मग शीट, म्हणजे शीड ओढून धरणारा दोर, आवळून बोट गोलगोल फिरवावी. शीड फोअरस्टेभोवती आपोआप गुंडाळलं जातं. मग दोरीने बांधून टाकावं.

ड्रममधला गुंता जवळजवळ नेहमी शीड उघडताना तयार होतो. वाऱ्याने शीड फटकन उघडतं, ड्रम भरभर फिरतो आणि त्यावर दोर सैल बसतो. पुढच्या वेळी ओढला की वरचा वेढा खालच्यांत रुततो. म्हणून उघडताना फर्लिंगचा दोर हातातून हलकासा धरूनच सोडायचा. ड्रममध्ये शिरणारा दोर ड्रमच्या आसाशी काटकोनात आणि उंचीच्या मध्यावर यायला हवा. पहिली कप्पी खाली-वर असली तर वेढे एकाच बाजूला चढतात. आमच्या आकाराच्या बोटीला 5 ते 6 मिलिमीटरचा दोर पुरतो. जाड दोर हाताला बरा वाटतो, पण त्याने ड्रम भरून वाहतो. दुपदरी विणीचा दोर असेल तर ड्रमवर बसणाऱ्या भागातला आतला गाभा काढून टाकता येतो.

वेढ्यांचा हिशेब जोराच्या वाऱ्यात करावा, कारण तेव्हा शीड जास्त घट्ट गुंडाळलं जातं आणि ड्रमला जास्त फेरे लागतात. शीड पूर्ण गुंडाळून, वर शीटचे दोनतीन वेढे बसूनही ड्रमवर तीनचार वेढे शिल्लक राहिले पाहिजेत. कमी पडले तर शीड उतरवून ड्रम हाताने फिरवून दोर भरावा. उन्हापासून वाचवणारी कापडी पट्टी कडेला शिवलेली असेल, तर गुंडाळल्यावर ती बाहेर येते का तेही याच वेळी बघावं. आत जात असेल तर दोर ड्रमवर उलट्या दिशेने भरावा लागतो. ही पट्टी आत राहिली तर ऊन थेट शिडाच्या कापडावर पडत राहतं.

घर्षणाचं मोठं कारण इथे मुरमाची बारीक धूळ आहे. ट्रेलर पाण्यात उतरवताना ती ड्रमवर बसते, शिवाय बंद काळात कुंभारमाशी आत मातीचं घर करते. साध्या पाण्याने भरपूर धुवावं. प्लॅस्टिकच्या गोळ्यांच्या बेअरिंगला ग्रीस लावू नये, ते धूळ धरून ठेवतं. स्टीलच्या बंद बेअरिंगला मात्र बनवणाऱ्याने सांगितलेलंच ग्रीस लावावं.

गुंडाळताना बोट सरळ वाऱ्यात उभी करणं मला पटत नाही. शीड नुसतं फडफडतं. वारा मागून घ्यावा, म्हणजे मोठं शीड जिबला आडोसा देतं. शीट पूर्ण न सोडता किंचित ताण ठेवावा, नाहीतर गुंडाळी सैल बसते. आणि तारेच्या जिबला अर्धं गुंडाळून चालवू नये: तो एकतर पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद.

पावसाळ्याआधी जिब उतरवून, वाळवून घरात ठेवावा. हंगामात पुन्हा लावताना ट्रेलरवरच पूर्ण उघडून-गुंडाळून पाहावं. स्विव्हलच्या दोन्ही अर्ध्या भागांवर मी लाल चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावला आहे: खालचा फिरला पाहिजे, वरचा जागेवर राहिला पाहिजे, आणि हे नाळेवरून मान वर करून दिसतं.