पॅरिसचा ट्वाल, लंडनची शिवण

काचेमागे उभा केलेला इव्हनिंग गाऊन नुसता समोरून पाहिला, तर पॅरिसमध्ये शिवलेला कोणता आणि परवाना घेऊन परदेशात शिवलेला कोणता, हे सहसा ओळखू येत नाही. ते कळतं आतून. अस्तर, कंबरेची फीत, शिवणीत सोडलेली माया आणि लेबल यांवरून. म्हणून या प्रवासात मी आधी पॅरिस आणि मग लंडन असा क्रम ठेवला. 1950च्या दशकात डिझाइनही याच वाटेने जायचं.

पॅरिसमध्ये मेट्रोने फ्रँकलिन डी. रूझवेल्ट किंवा अल्मा-मार्सो स्टेशनला उतरायचं. अव्हेन्यू मोंतेन्यवरची 30 नंबरची इमारत ही ख्रिश्चन डिओर या फॅशन डिझायनरची मूळ पेढी. 12 फेब्रुवारी 1947 रोजी पहिलं कलेक्शन इथेच दाखवलं गेलं. भांडवल मार्सेल बुसाक या कापड गिरणीवाल्याचं होतं. त्या कलेक्शनमधले मीटरच्या मीटर कापड खाणारे घेरदार स्कर्ट गिरणीच्या पैशावर उभे राहिले, हे विसरू नये. याच इमारतींच्या समूहात, 11 र्यू फ्रान्स्वा प्रमिये या पत्त्यावर, 2022 पासून ‘गॅलरी डिओर’ हे संग्रहालय आहे. तिकीट ऑनलाइन आधीच काढून ठेवा. जिन्यालगत रंगवार लावलेल्या छोट्या प्रतिकृतींपाशी गर्दी होते. त्या जरूर बघा, पण खरा वेळ गाऊनच्या बेतण्याकडे द्या.

परदेशी धंद्याचा सगळा पाया होता ट्वाल. साध्या सुती कापडात शिवलेला कच्चा नमुना म्हणजे ट्वाल. त्याच्यावर आडवे-उभे धागे, चुण्यांच्या जागा आणि कंबररेषा खुणांनी दाखवलेल्या असतात. वर्षातून दोनदा कलेक्शन दाखवलं जाई. परदेशी दुकानांचे आणि कारखान्यांचे खरेदीदार आत येण्याआधी अनामत भरत, आणि ती पुढच्या खरेदीत वळती होई. कार्यक्रमात रेखाटन करायला सक्त मनाई. मग तीन पर्याय: तयार गाऊन, त्याचा ट्वाल, किंवा नुसता कागदी पॅटर्न. सोबत एक संदर्भपत्रक मिळे: कापड कुणाकडचं, किती मीटर, बटणं आणि झालर कुठली. अमेरिकेत मूळ गाऊन नक्कल करण्यापुरता, बाँड म्हणजे हमी भरून, जकात न देता आणता येत असे, पण मुदतीत तो देशाबाहेर पाठवावा लागे.

डिओरने यापुढचं पाऊल टाकलं. 1948 मध्ये न्यूयॉर्कला वेगळी शाखा काढली आणि तिथल्या बायकांसाठी वेगळं कलेक्शन बेतलं. त्याच वर्षी सिडनीच्या डेव्हिड जोन्स दुकानात 50 नमुने दाखवले गेले. पुढे टोरंटोच्या रॉयल ओंटारियो म्युझियमला गेलात, तर कॅनडाच्या हॉल्ट रेनफ्रू या दुकानाने शिवलेल्या डिओरची बाजूही समजून घ्या. लंडनची कंपनी निघाली 1952 मध्ये.

लंडनमध्ये नेहमीचं साउथ केन्सिंग्टनचं व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम) आहेच, पण अभ्यासासाठी त्याच्या संग्रहाचं भांडार असलेल्या ‘व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस’ला जा. हॅकनी विक स्टेशनपासून चालत जाता येतं, प्रवेश फुकट. ‘ऑर्डर अॅन ऑब्जेक्ट’ या सेवेत पाच वस्तूंपर्यंत पाहायला मागवता येतात, मात्र निदान दोन आठवडे आधी. मागणी करताना एक पॅरिसचा आणि एक लंडनचा गाऊन निवडा, जमल्यास एकाच काळातले. हात लावायचा की नाही, हे कर्मचारी सांगतील. पेन बॅगेत ठेवा, टिपणं पेन्सिलीने घ्या.

आधी लेबल. पॅरिसच्या लेबलवर बहुधा हंगाम आणि वर्ष असतं, शिवाय एक क्रमांक. परवान्याच्या लेबलवर शहराचं किंवा दुकानाचं नाव येतं.

मग कंबर. माझ्या मते सगळं मर्म इथेच आहे. बिनबाह्यांचा, बिनपट्ट्यांचा गाऊन खांद्यावर टांगलेला नसतो. चोळीच्या आत जाळीची, हाडं (आकार धरून ठेवणाऱ्या ताठ पट्ट्या) घातलेली दुसरी चोळी असते आणि कंबरेला जाड, न ताणणारी ग्रोग्रेन फीत. ही फीत चोळीला काही ठिकाणीच टाचलेली असते. ती बाहेरच्या कंबरेपेक्षा सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर कमी, आणि चेन लावण्याआधी हुकांनी बंद करायची. स्कर्टचं वजन ती पेलते. फीत सैल झाली किंवा खर्च वाचवायला गाळली, की स्कर्ट चोळीला खाली ओढतो आणि बाई रात्रभर काखेतून गाऊन वर खेचत राहते. हाडंही खोबणीपेक्षा अर्धा सेंटीमीटर आखूड हवीत. नाहीतर टोक अस्तर फोडून बाहेर येतं. जुन्या गाऊनवर हे भोक किंवा त्यावरचं ठिगळ बऱ्याचदा दिसतं.

पुढे माया पाहा. ग्राहकासाठी मापाने शिवलेल्या गाऊनमध्ये ती सढळ असते, पुढे उसवून वाढवता यावी म्हणून. साइझवार शिवताना ती बेताची ठेवतात. साइझ वाढवणं हेही अवघड काम होतं. ट्वाल उंच, सडपातळ मॉडेलच्या अंगावर बेतलेला. सगळीकडे सारखं वाढवलं, की छातीची चुणी भलत्याच जागी येते आणि तिरक्या धाग्यावर कापलेला भाग लोंबतो.

शेवटी कापड. व्ही अँड एकडे डिओरचा ‘झेमिर’ गाऊन आहे, 1954-55 च्या हिवाळी कलेक्शनमधला, लेडी सेकर्स यांच्यासाठी केलेला. त्याचं कापड रेशमी नाही, सेल्युलोज अॅसिटेटचं सॅटिन आहे, इंग्लंडातल्या व्हाइटहेवनच्या सेकर्स गिरणीचं. डिझाइन पॅरिसचं, कापड इंग्रजी! अशा सॅटिनची चमक रेशमासारखी असते, पण गरम इस्त्रीने ते वितळतं, ओलं झालं की कमजोर होतं आणि अॅसिटोनमध्ये विरघळतं. घरात आजीचा त्या काळातला सॅटिनचा झगा असेल, तर डाग काढायला नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही लावू नका. झगा हँगरला न टांगता आडवा ठेवा, घड्यांमध्ये आम्लरहित कागदाच्या गुंडाळ्या भरून.